तीन चिमटे

स्रवंतीला नववं लागलं तेव्हा तिनं पार्टी मागितली,
गेमसारखी.
कुठल्या गेमसारखी? तर एक मुलगा उड्या मारत जातो,
विटा फोडतो, नाणी खातो.
रेवणच्या मामाच्या मोबाईलवर आहे,
रेवण पाच मिनिटांचा रुपया घेतो.

मीही रुपया दिला. पाच मिनिटं पाहिलं.
मुलगा सगळा चौकोनांचा.
नाक एक घर, टोपी सहा घरं, बूट दोन-दोन.
अगं, हा तर माझ्या कागदावरचा!
वीस वर्षं मी हेच करतोय की,
आलेखाची घरं रंगवायची,
मग पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची,
भोक असेल तिथला धागा उठतो,
नसेल तिथला बसून राहतो,
असा चादरीवर मोर येतो.
फक्त माझा मोर कधी
उडी मारत नव्हता.

दिवाळीनंतर मालकांनी मागावर कम्प्युटर बसवला.
नक्षी आता पेनड्राईव्हमधून येते, बोटाएवढ्या.
पट्ट्यांच्या माळा निघाल्या रद्दीत, अकरा रुपये किलो.
मी दोन पोती सायकलला बांधून आणली.
"पगार तिकडं अर्धा झाला,
आणि कचरा इकडं पुरा आला," अंबुजा म्हणाली,
आणि खळ शिजवायला घेतली.

दोनशे चाळीस रुपये. त्यातले दीडशे केकचे.
रात्री दोघं बसून विटा चिकटवल्या.
सोड्याच्या बाटल्यांची बुचं हळदीत बुडवून वाळवली,
झाली नाणी.
सुताचे रिकामे कोन ओळीनं उभे केले, हे डोंगर.
विणीत चुकलेले लाल टॉवेल गच्चीभर पसरले,
हा उकळता रस, पाय पडला की जीव गेला.
जीव म्हणजे कपडे वाळत घालायचे चिमटे,
प्रत्येकाच्या कॉलरला तीन.

विडी घरकुलची गच्ची, मे महिना, संध्याकाळचे सहा,
तरी फरशी तव्यासारखी.
रेवण, मोईन, भार्गवी, वरच्या मजल्यावरचे जुळे,
आणि न बोलावलेला चिन्नू, वय वर्षं चार.
शेवटच्या पायरीचा राक्षस मोईनचे अब्बा.
कारखान्यात माग दुरुस्त करतात,
इथं माझीच मोराची चादर पांघरून
मोज्यांचे गोळे फेकत होते,
आणि मोर, सांगतो तुम्हाला,
नाचत होता.

पहिल्याच मिनिटात चिन्नूचे तिन्ही चिमटे गेले.
तो टॉवेलवर उभा राहिला, अगदी मधोमध.
"आता मी मेलो?"
मी नियम लिहिलेला कागद उलटसुलट केला.
त्यात याचं काही नव्हतं.
"छ्या बे," रेवण म्हणाला, रुपये घेणारा रेवण,
"तो कच्चं लिंबू आहे. कच्चं लिंबू मरत नसतंय."
आणि सगळ्यांना ते पटलं,
जुळ्यांनाही, ज्यांना काहीच पटत नाही.
चिन्नू रसातून खुशाल चालत गेला
आणि राक्षसाच्या मांडीवर बसला.
राक्षसाला मग गोळे फेकता येईनात.

मध्ये कधीतरी लाईट गेली म्हणे.
खालून कुणी ओरडलं तेव्हा कळलं.

विटा सगळ्या फुटल्या. वीस वर्षांची भोकं
गच्चीभर पसरली, वाऱ्यावर थोडी उडालीसुद्धा.
झाडता झाडता मी एक पट्टी उजेडाला धरली,
कुठल्या मोराचं कुठलं पीस, ओळखता येईना.
स्रवंती म्हणाली, "नान्ना, पुढच्या वर्षी पुढची लेव्हल."
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

सोमवारी कारखान्यात मालक बघत राहिले.
"कॉलरला काय हे?"
हात लावून पाहिला. दोन चिमटे.
"शिल्लक," मी म्हणालो,
आणि कम्प्युटर चालू कुठून करतात
ते त्यांच्या पोराला विचारलं.